जांभळं घातल्यावर

तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
ब्युरेट धुतले, जर्नलं तपासली.
निरोपाला शाल दिली, नारळ दिला.
मी म्हटलं, त्यापेक्षा
तो खरचटलेला हायड्रोमीटर द्या.
दिला. कपाटात तसे अजून नऊ होते.

आता न्हाणीघराच्या कोपऱ्यात,
निळ्या पिंपाशेजारी बसून मी वाचते,
नळकांड्याच्या रेषेला डोळा आणून, श्वास धरून,
पोरींना शिकवलं तसंच :
वळणाचा तळ बघायचा, कड नाही.
पहिल्या दिवशी एक हजाराच्या वर पंचेचाळीस.
काचेवर छापलंय, वीस अंशाला.
डिचोलीत मे महिन्यात वीस अंश
फक्त फ्रिजच्या दुसऱ्या फळीवर असतात.
उष्म्याचे तीन मिळवले. अठ्ठेचाळीस.
वहीत लिहिलं, खाली सही केली,
सवयीने.

पाचव्या दिवशी गुरुदास जांभळं घेऊन आला.
बंद खाणीच्या कडेचं झाड.
पिशवीला बाहेरून लाल धूळ, आतून जांभळा चिखल,
चार किलो, त्याची जीभ आधीच रंगलेली.
"मावशी, घाल सगळी. किक बसली पाहिजे."
घातली.
रात्रभर बुडबुडे, झाकणाला ठसका,
आणि सकाळी वहीतला अठ्ठेचाळीस
परक्या घरातल्या फोटोसारखा दिसू लागला.
आधी काय होतं ते ठाऊक,
शेवटी काय उरेल ते मोजता येईल,
पण मध्येच जे आलं
ते कुठल्या रकान्यात मांडू?

दोन वाट्या वगळून ठेवल्या होत्या.
कुस्करल्या, गाळल्या, नळकांड्यात ओतल्या.
चव्वेचाळीस.
पुन्हा पाहिलं. उष्म्यासकट चव्वेचाळीसच.
म्हणजे जांभूळ आमच्या पिंपाहून फिकं!
गोडी आणली ते खरं,
पण एकटं आलं नाही, पाणी सोबत आणलं.
आमंत्रण एकाला,
दारात उभं अख्खं बिऱ्हाड.
बिया ओल्याच तोलल्या, वजा केल्या.
इकडे वीस लिटर, तिकडे अडीच,
गुणाकार, बेरीज, भागाकार.
अठ्ठेचाळीस घसरून साडेसत्तेचाळीसवर टेकलं.
गुरुदासची किक
समासातल्या एका हातच्यात संपली.

शेजारचा सांतान, पन्नास हंगाम काजूच्या भट्टीवर.
त्याला नळ्या-वह्या नकोत.
फेणीची बाटली हलवतो,
मोती किती वेळ टिकतात बघतो, आकडा सांगतो.
तिसऱ्या आठवड्यात त्याच्या हातात एक बाटली दिली.
मी "नको" म्हणेपर्यंत
त्याने ती हलवली होती,
सवयीने.

बूच छपराला. फेस त्याच्या मिशीवर,
मिसाच्या शर्टावर, कॅलेंडरातल्या अख्ख्या जूनवर.
मनगट चाटून म्हणाला,
"बाये, हो सोरो न्हय. पूण फट मारिना."
"कितलो?"
"चार."
"माझी वही म्हणते, पाचाला जरासा कमी."
तो शर्ट पिळत म्हणाला,
"उरिल्लो हांगा आसा."

तीस बाटल्या, तीस चिठ्ठ्या.
तारीख लिहून पेन अडलं.
जर्नलात "अंदाजे" दिसलं की
मी लाल शाईने गोल करायचे,
समासात लिहायचे : म्हणजे किती?
आता पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं, अंदाजे पाच.
दुसऱ्या चिठ्ठीवर पाच आधी लिहिलं,
मग त्याच्या अलीकडे तो शब्द कोंबून बसवला.
अकराव्या चिठ्ठीपर्यंत हात सरावला.

गुरुदास दोन ग्लासांनंतर विचारत होता,
"अंदाजे म्हणजे किती गं?
साखळीपर्यंत स्कूटर नेऊ ना?"
मी त्याच्या खिशातून चावी काढली,
पाण्याने भरलेल्या नळकांड्यात सोडली.
दोघांनी वाकून पाहिलं.
तरंगली नाही.