तिसरी पाळी

पुस्तकातला ड्रॅगन सोन्यावर झोपतो.
मी सोनं खोडलं, चादरींचे गठ्ठे लिहिले,
त्याला जागा दिली
बंद गिरणीच्या धुराड्यात.

तौसिफ म्हणाला, मग मारायचं कुणाला?
कुणालाच नाही. आज पाचव्या दिवशी पाणी आलंय
आणि नळाच्या रांगेत
त्याचं पिंप तुझ्या हंड्यापुढे आहे.
बोल, काय करतोस?

वीस बाजूंचा फासा
शेंगाचटणीच्या ताटलीला आपटून थांबला. तीन.
शरयू येमूल खिदळली.
तिची चेटकीण ड्रॅगनशी तेलुगूत बोलते,
तो कानडीत उत्तर देतो,
भांडण लागलं की दोघं मराठीत.

आतल्या खोलीतून बाबा:
"बॉयलर त्याच्या जाळावर चालायचा म्हणतोस.
पाळी कुठली त्याची?"

नियमांत पाळी नव्हती.
"तिसरी," मी ठोकून दिलं.

ते लुंगी सावरत दारात आले.
फाशाकडे बघितलं, नकाशाकडे,
पेन्सिलीच्या धुराड्याकडे जरा जास्त वेळ.
"तिसरीला चहा दोनदा मिळायचा," म्हणाले.
"आणि त्याची देणी? मिळाली?"

तौसिफनं तलवार खोडली.
मी ड्रॅगनच्या पानावर,
ताकद आणि आगीच्या खाली,
अजून एक रकाना आखला:
बिल्ला नंबर.

तो बाबांनीच सांगितला, न आठवता.