रकाना चौथा

रकाना चौथा विचारतो : पाया कशाचा?
पुढे तीन चौकोन. दगड. काँक्रीट. माहीत नाही.
मी अजून एकातही खूण केलेली नाही.

नेल्सन गावची ही गिरणी, चाळीस वर्षं बंद,
आता हिचे फ्लॅट व्हायचेत.
छप्पर करवतीच्या दातांचं, काचा सगळ्या उत्तरेला,
विणणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून.
इचलकरंजीत आमच्या गल्लीतल्या शेडवर पत्रा होता
आणि ऊन कुठूनही यायचं.

चाव्या एडना ऑर्मरॉडबाईंकडे. वय ब्याऐंशी.
पंधराव्या वर्षी इथे लागल्या, पुढे सहा माग सांभाळले.
बोलताना ओठ मोठे मोठे हलवतात,
आवाज अगदी थोडा.
त्या खडखडाटात कान कामाचे नसत,
सगळी शेड एकमेकींचे ओठ वाचायची.
दादाही असेच.
घरात तीन माणसं, आणि जेवताना मीठ
हाताच्या खुणेने मागायचे.

फरशीवर खळगे आहेत, जोडीजोडीने.
मोजते : अकरा मिलिमीटर.
"क्लॉग," बाई म्हणतात. लाकडी तळाचे बूट, खाली लोखंडी नाल.
मी लिहिते : पृष्ठभाग असमान.
तुळया बघते. लिहिते : वॉर्प्ड.
बाई खांद्यावरून वाचतात आणि हसू लागतात.
त्यांच्या भाषेत वॉर्प म्हणजे लाकडाला आलेला बाक
आणि वॉर्प म्हणजे ताणा, ज्याला बाक आला की संपलं.
एकाच शब्दाला असं उभंआडवं का घेतलंत, विचारते.
त्या खांदे उडवतात.

आमच्याकडे तरी काय वेगळं?
माग म्हणजे विणायचा तो, आणि माग म्हणजे
निघून गेलेल्याची मातीत राहिलेली पावलं.
दादांनी पहिला चालवला.
दुसरा मी काढतेय, अकरा मिलिमीटर खोल.

ते वहिफणीचे कामगार. चोवीसशे टोकं,
एकेक वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या दातातून.
(माझ्या शाळेच्या वहीत त्यांनी कधी डोकावलं नाही.
त्यांची वही वेगळी होती.)
नवं बीम आलं तरी जुन्या ताण्याची शेपटं काढत नसत,
बोटांना राख लावून टोकाला टोक पिळायचे.
"माग मोकळा सोडायचा न्हाई, पोरी.
न्हाईतर समदं पयल्यापासनं."
गिऱ्हाईक हात फिरवायचं आडव्या सुतावर.
उभ्याचं नाव कोणी घेत नसे,
तुटेपर्यंत.

निबंधात मी लिहिलं होतं, मायेने ओतप्रोत.
मला वाटायचं काहीतरी ओतलेलं असणार,
पातेल्यातल्या दुधासारखं.
पस्तिशीत, इथे, एका रविवारी कोश चाळताना कळलं :
ओत म्हणजे उभं सूत, प्रोत म्हणजे आडवं.
शब्दाच्या तळाशी आमच्याच गल्लीतला आवाज होता
आणि मी गुण मिळवले होते दुधासाठी.

तंत्रनिकेतनात नाव लागलं त्या दिवशी
दादांनी पेढे वाटले. "सुटलीस बाई मागातनं."
कोशात त्याच पानाच्या मागेपुढे असेल,
तंत्र : माग. ताणलेलं सूत. ज्यावर बाकीचं उभं राहतं ते.
हे त्यांना सांगायचं राहिलं.
सांगितलं असतं तरी ओठ वाचून
किती पोचलं असतं, कोण जाणे.

उद्या मजूर येतील, मीटरभर खड्डा घेतील.
खाली चिकणमाती निघेल, या खोऱ्यात सगळीकडे निघते.
मी पेन खिशात घालते
आणि खळग्यांच्या एका जोडीत उभी राहते.
बुटांना जरा अरुंद पडतात.
समोरून एडनाबाई काहीतरी म्हणतात, आवाज न करता.
पुन्हा म्हणतात, ओठ मोठे करून :
डावा पाय.
थोडा पुढे.