पानाला भोक

माग गेला तो लोखंडाच्या भावानं,
किलोवर.
शेडचे पत्रेही उद्यमबागेतला माणूस उचलून घेऊन गेला.
राहिली चौदा बाय वीस जमीन,
तेल पिऊन काळी झालेली,
आणि कोपऱ्यात सासऱ्यांच्या हातमागाचा खड्डा,
ज्यात त्यांचे पाय चाळीस वर्षं
पायड्या दाबत लोंबले.

म्हटलं, बाग करू.
रंग कळतात की मला.
लग्न होऊन वडगावात आले तेव्हापासून कांड्या भरते आहे:
रामा, आमसुली, मोरपंखी, चिंतामणी.
डाळिंबी अंगाला कुठला काठ
हे झोपेत विचारा.

रविवार पेठेत, कलघटगींच्या दुकानात,
पाकिटांच्या भिंतीपुढं उभी राहिले
लग्नाचा बस्ता बांधायला आल्यासारखी.
"हा बघा झेंडू. लाडूएवढा. पाकळीवर पाकळी."
घेतला.
पेटुनिया घेतला, जांभळा, पांढऱ्या काठाचा.
काठ बघूनच घेतला, खोटं कशाला बोलू.

फुलं आली. देखणी.
गल्लीतल्या पोरी फोटो काढून गेल्या.
पण बाग मुकी होती,
काचेमागं मांडलेल्या साडीसारखी,
घडी न मोडलेली.
एक मधमाशी आली, झेंडूवरून फिरली,
पाकळ्यांत दार शोधलं,
आणि गेली.

नीलव्वा भिंतीवरून बघत होती.
तिची मराठी माझ्या कानडीएवढीच,
कामापुरती.
"काय लावूलालीस ग, कागदाची फुलं?"
दुसऱ्या दिवशी तिनं पदराची गाठ सोडली.
काळे, बारीक, लांबट दाणे.
"गुरेळ्ळ," ती म्हणाली.
"कारळे," मी म्हटलं.
दोघींनी एकेक दाणा चावून बघितला.
मग तेरड्याच्या शेंगा, हात लावताच फुटणाऱ्या,
एकेरी झिनियाचं बी,
मुनियांसाठी राजगिरा,
शिंजिरासाठी अडुळशाची काडी.
"लिंबू लाव. कढीपत्ता लाव.
तुझ्यासाठी नव्हं."
कुणासाठी, ते सांगितलं नाही.
मी नर्सरीतून कमरेएवढं लिंबू आणलं.

खड्डा बुजवायचा होता.
राहिला.
पावसाचं पाणी साठलं, त्यात बेडूक आला,
आणि रात्रभर एका लयीत सुरू.
नवरा कूस बदलून म्हणाला, आबा कामाला लागले.

गौरी उठल्या त्या आठवड्यात
लिंबाच्या पानाला भोक दिसलं.

शेठ तागा उजेडाला धरून बघायचे.
एक भोक, वीस रुपये कापले.
तीन भोकं, साडी तुमच्याच घरी.
नवऱ्याच्या मजुरीतून गेलेली कितीतरी भोकं
माझ्या डोळ्यांना पाठ आहेत.
हात आपोआप फवाऱ्याकडं गेला.
पानावर पाखराची घाण दिसली म्हणून
आधी ती पुसायला बोट लावलं,
तर घाणीनं मान उचलली
आणि माझ्यावर दोन केशरी शिंगं उगारली.

मी ओरडले. नीलव्वा धावली, बघून हसली.
"पातरगित्ती."
"हे? फुलपाखरू?"
"आज नव्हं. आज नुसती भूक."

फवारा शेजारच्या सुताराला देऊन टाकला.

आज सकाळी मोजली: एकोणीस भोकं.
जुन्या दरानं तीनशे ऐंशी रुपये.
कारळ्यांवर माश्या इतक्या की
त्या कोपऱ्यातून मागघरासारखा आवाज येतो, लांबून,
गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ऐकावा तसा.
मोरपंखी सापडला, शिंजिराच्या गळ्यावर,
पण तो एका जागी बसत नाही, काठ कसा जुळवणार?

हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय:
झेंडू पुढच्या वेळी एकेरी.
लिंबू आणखी एक.
रुई उपटायची नाही, कुणी काही म्हणो.
चिंतामणी रंगाचं मात्र अजून काही उगवलं नाही.
नीलव्वाकडं बी असेल,
पण चिंतामणीला कानडीत म्हणतात काय?