भांगाची भरती

ब्रिगेडियर ताम्हाणे निवृत्तीनंतर कोपरीला राहिले.
महिन्यातून दोनदा पूल ओलांडून
विटाव्याला, आमच्या बांधावर येत.
तिवरांपलीकडे काठी रोवत,
किती बुडली ते बोटांनी मोजत.
पोरं हसायची, म्हातारा निवट्या शोधतोय.

मी त्यांचा वायरलेसवाला, हसुराम भोईर.
मला ठाऊक होतं. निदान वाटत होतं तसं.

पंचेचाळीस साली आराकानात ते बावीस वर्षांचे लेफ्टनंट.
नकाशावर ओढ्याची निळी रेघ, दोऱ्याएवढी.
अवसेची ओहोटी.
रेघेच्या अल्याड-पल्याड चाळीस पावलं जे उघडं पडलं
ते नकाशात नव्हतं.
अकरा माणसं कमरेपर्यंत रुतून उभी राहिली
आणि समोरच्या मशीनगनला घाई नव्हती.
एवढंच सांगितलं त्यांनी. एकदाच, बूट काढताना.

एकाहत्तरला नदी दुसरी, हुद्दा मोठा.
हुकूम आला: आज रात्रीच पार करा.
साहेब अनवाणी गाळात उतरले, वर आले.
"हसुराम, तिथी?"
"वद्य षष्ठी, साहेब."
"तुमच्याकडे भांग कधी?"
"अष्टमीला. पाण्याला ओढ नसते,
गाळही फारसा उघडा पडत नाही."
"मग अष्टमीला."

दोन दिवस हेडक्वार्टर माझ्या कानात ओरडत होतं.
मी म्हणत होतो, आवाज तुटतोय, पुन्हा सांगा, ओव्हर.
तंबूतंबूंत कुजबुज, साहेब घाबरले.
घाबरलेच होते.
अकरा जण त्यांच्या मांडीला धरून होते,
आठशेंना पुढे सोडायला तयार नव्हते.

अष्टमीला, चंद्र उगवायच्या आत, आम्ही पलीकडे.
एकाचाही बूट अडकला नाही.

गाव मात्र सप्तमीच्या रात्रीच जाळून झालं होतं.
एका चुलीवर भात तसाच.
साहेबांनी झाकण उचललं, पाहिलं,
पुन्हा नीट ठेवलं, जसं कुणी जेवायला येणार आहे.

पदक मिळालं. लावलेलं मी कधी पाहिलं नाही.

फार उशिरा ध्यानात आलं माझ्या,
ते बांधावर यायचे ते फक्त षष्ठीला.
शुद्ध असो, वद्य असो.

शेवटच्या खेपेला काठी गुडघ्याएवढीच गेली.
मी म्हटलं, साहेब, ही आपली खाडी,
ती नदी वेगळी होती.
ते काही बोलले नाहीत.
बांधावरच्या गवताला
काठी पुसत राहिले, पुसत राहिले.