वेकू

घोडी खालच्या मैदानातली, तिला काय ठाऊक.
आमच्या शेळ्या त्या झुबक्याला वळसा घालून जातात.
बर्फ वितळलं की डोंगरावर
सगळ्यांत आधी तोच हिरवा होतो.
वेकू. सासूबाई नाव घेऊन थुंकायच्या.

एलिसेओनं ती सापालाच्या बाजारातून आणली,
तीन शेळ्या नि माझ्या विणकामाचे पैसे देऊन,
मला न विचारता.
अर्मिंदा, चाल तर बघ तिची, म्हणाला.

चाल बघितली तिसऱ्या दिवशी.
आधी कान थरथरले, मग मानेची कातडी,
पाण्यावर कुणी फुंकर घालावी तशी.
पुढचे पाय काठीसारखे ताठ,
मागचे भलतीकडेच निघालेले.
कुत्रा भुंकला मात्र, ती कोसळली,
आत्ता जन्मलेल्या शिंगरासारखी,
चारी पाय चार दिशांना.

म्हातारा न्यांकुफिल कुंपणापाशीच थांबला.
गवतानं मरायची नाही, म्हणाला. दचकून मरेल.
हाकलू नका. दोर लावू नका. आवाज नको.

कुत्रा ओढ्यापलीकडे बांधला.
शेळ्यांच्या घंटांत लोकर कोंबली.
रेडिओ बंद. दाराला दगड, आपटू नये म्हणून.
आणि माझ्या जिभेवर आलेलं सगळं,
पैसे, मागचा हिवाळा, त्याच्या बहिणीचं ते प्रकरण,
गिळून बसले.

तीन दिवस घरात ब्र नाही.
हातांनीच बोललो: मीठ. पाणी. सरक.
रात्री तो तिच्याजवळ बसायचा, हात न लावता.
एकदा मी माते नेऊन दिला,
त्यानं भांडं घेताना माझी बोटं धरली, सोडली.
बोललो असतो तर हे झालं नसतं.

चौथ्या सकाळी ती उभी राहिली,
आपल्याच खुरांकडे बघत,
जणू कुणी उसने दिलेत.
एलिसेओनं वेकूची ओली जुडी पेटवली,
धूर तिच्या नाकाशी धरला,
चुरा ओठांना, हिरड्यांना चोळला,
जे पहिल्याच दिवशी करायचं होतं.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
तीच बोटं स्वतःच्या ओठांवरून फिरवली
आणि तोंड वाकडं केलं.

आठवड्यानं ती झुबक्यापाशी गेली,
हुंगली, फुरफुरली, वळसा घातला.

त्या संध्याकाळी मी ओरडले.
लोकरीपासून सुरुवात केली, बहिणीपर्यंत पोचले.
घोडीनं मान वर केली, कान टवकारले,
आणि चरत राहिली.