तारवाचं दार

सातवी ब, दुसरा तास, नीतिशिक्षण.
फळ्यावर मी तारू काढलं,
गेली एकवीस वर्षं काढतोय तसंच :
तीन मजले, एक खिडकी, एक दार,
वर जिराफाची मान.
पोरं जिराफाला हसतात, मी थांबतो,
मग निळ्या खडूनं पाणी वाढवतो.

त्या दिवशी निळा खडू हातातच राहिला.

आंबेवाडीची तृप्ती चौगुले उभी राहिली.
पुराच्या सालानंतर आमच्या शाळेत आलेली,
दप्तर संस्थेचं, वह्या चर्चच्या.
म्हणाली, सर,
भायेरच्या लोकांनी दार वाजवलं आसंल न्हवं?
ते आतल्यांना ऐकू आलं का?

पंख्याचं एक पातं घासत होतं, तेवढाच आवाज.
निम्म्या वर्गाला ठाऊक होतं
ती कुठल्या दाराबद्दल विचारतेय.
माळ्यावर दोन रात्री.
खाली दाव्याला म्हशी, आधी ओरडणाऱ्या, मग नाही.
आणि भरलेली नाव, 'परत येतो' म्हणून गेलेली.

मी म्हणालो, खाली बस.
म्हणालो, देवाच्या मनातलं आपण विचारायचं नसतं.
ती बसली. बसताना वही मिटली.

शिक्षकखोलीत हिरवे बाई पेपर तपासत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या, पोर्शन किती राहिलाय तुमचा?
संध्याकाळी पाळकसाहेबांना गाठलं.
ते हसले : मीही विचारलं होतं असलंच काहीतरी,
शिकत होतो तेव्हा.
उत्तराऐवजी हातात केरसुणी मिळाली,
आठवडाभर देऊळ झाडलं.
मग विचारायचं सोडलं.
जरा वेळानं, चष्मा पुसत म्हणाले,
प्रवचनं सोपी झाली तेव्हापासून.

घरी जाताना शिवाजी पुलावर सायकल टेकवली.
नदी खाली, गरीब गाईसारखी.
मला माझा आजा आठवला, कागलकडचा.
त्यानं गावात एकदाच तोंड उघडलं होतं :
विहीर तुमची, पण झरा कुणाचा?
त्याच रात्री गाठोडं बांधावं लागलं.
मिशनच्या कंपाउंडात आला,
वसतिगृहाच्या भिंतीचे दगड त्यानं वाहिले,
त्याच भिंतीआड माझा बाप शिकला.
म्हणजे माझी नोकरी, माझी इस्त्रीची पँट,
माझ्या हातातला खडू,
सगळं त्या एका प्रश्नाचं व्याज.
आणि मी म्हणालो, खाली बस.

पुढच्या सोमवारी मी परत तारू काढलं.
दार मात्र काढलं नाही,
तिथं फळा काळाच ठेवला.
म्हणालो, तृप्ती,
तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.

कुणीतरी पेन पाडलं.
मग मागच्या बाकावरून अर्शद मुल्ला :
सर, कडी आतनं होती का भायेरनं?
बेनहूर सातपुते, जो वर्षभर नुसता झोपतो :
आतल्यांना रात्री झोप लागत आसंल?
एक पोरगी, नाव मला अजून पाठ नाही :
जिराफाला दिसलं आसंल की, सर.
त्याची मान खिडकीच्या वर हाय.
ह्यावेळी जिराफाला कुणी हसलं नाही.

मी एकेक प्रश्न फळ्यावर लिहीत गेलो,
जिथं दरवर्षी निळं पाणी असायचं तिथं,
अक्षर वाकडं येत होतं.

तृप्ती शेवटी उभी राहिली.
म्हंजे तुमालाबी ठावं न्हाई?
नाही.
मग एवढी वर्सं काय शिकवत हुता?

शांतवनमामानं टोल दिला.
मी खडू खाली ठेवला नाही.