सूचीतला च

डॉक्टर आर्तुर लेपासार यांचं समग्र लेखन,
खंड चार, निळी कापडी बांधणी,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेसहा किलो.
सगळं झाल्यावर जे उरतं ते माझं काम:
सूची.
पानाला पंच्याहत्तर सेंट, मुदत
नदीवरचा बर्फ फुटेपर्यंत.

पहिला खंड व्याख्यानांचा. तार्तूचं सभागृह,
कडक कॉलर, लॅटिन शब्द.
तो मी दोन दिवसांत उरकला.

दुसरा पत्रांचा.
मला वाटलं, इथे मनाचे तळ लागतील.
लागले बटाटे.
गाद्यांसाठी पेंढा, साबण, कोळसा, पुन्हा बटाटे,
आणि चमचे.
चमच्यांबद्दल खात्याला सतरा पत्रं.

"माननीय महोदय,
दोनशे माणसांना तुम्ही बोटांनी सूप खायला लावता
आणि मला विचारता, ही जनावरांसारखी का वागतात.
दोनशे चमचे पाठवा. पत्र्याचे चालतील."

नवव्या पत्रात तो चिडलाय.
बाराव्यात शाईत पाणी घातलेलं.
सोळाव्यात मजकूर नाहीच, नुसता आकडा: २००.
सतरावं आभाराचं.
आले होते एकशे चौऱ्याऐंशी.

उर्मास, आमचा संपादक, म्हणाला,
ही पत्रं मागे परिशिष्टात ढकलू,
संशोधकाला चमच्यांचं काय?
मी काही बोलले नाही. सूचीकाराला
बोलायला जागाच नसते, फक्त स्वल्पविराम असतात.

तिसऱ्या खंडात तो तरुण आहे आणि त्याला सगळं कळतं.
एका बाईला ओल्या चादरीत अकरा तास गुंडाळून ठेवतो
आणि ऐटीत लिहितो: रुग्ण शांत.
दीडशे पानांनंतर, त्याच बाईविषयी:
"तिला थंडी वाजत होती.
ती तेच ओरडत होती, सरळ शब्दांत.
मी ते लक्षण म्हणून टिपून घेतलं."

असल्या ग्रंथांच्या सूचीत अशी नोंद मी आजवर पाहिली नव्हती.
मी केली.
चूक: ८८, ११२, २४० ते २४६.
तिच्या वर चाव्या, त्यांच्या वर चादरी,
आणि सगळ्यांत वर, अडीच इंच लांबीची,
स्किझोफ्रेनियापेक्षाही लांब,
चमचे.

चौथा खंड अपुरा. टाचणं, वहीची फाटकी पानं.
पृष्ठ ३१९:
"हरवू नयेत म्हणून लोहाराकडून
प्रत्येक चमच्यावर आकडा ठोकून घेतला.
त्रेसष्ट नंबर सहा वर्षांत बोललेला नाही.
रात्री चमचा उशीखाली घेऊन झोपला.
सकाळी तो माझ्यासमोर धरला, तसाच धरून राहिला.
मी म्हणालो, हो, तुझाच."

मी पेन्सिल ठेवली. चहा गार झाला होता.

आमच्या खणात एक पत्र्याचा चमचा आहे.
आई त्याने रानफळांचा जाम ढवळायची,
लाकडी चमचे असताना.
दांड्यावर खोलगट ६३.
लहानपणी मी विचारायचे, हा कुणाचा नंबर?
ती म्हणायची, पत्र्याला नंबर असतात.
आजोबांना एक भाऊ होता,
तो बोटीने स्वीडनला गेला, असं आमच्याकडे सांगत.
त्याचं पत्र कधी आलं नाही,
आणि का आलं नाही, हे कुणी विचारलंही नाही.

त्रेसष्ट आकडा कुठेही ठोकता येतो:
बराकीत, शाळेत, आगबोटीवर.
मला माहीत आहे. माझा धंदाच तो,
एकच शब्द दोन जागी दिसला
म्हणून तो एकच आहे असं न मानण्याचा.

रोगी निनावी राहावेत, असा करार आहे.
मी तो मोडलेला नाही. मोडायला नाव तरी कुठे होतं?

बर्फ फुटला त्या गुरुवारी सूची पाठवली.
उर्मासने एवढंच विचारलं:
त मध्ये 'तुझाच' अशी एक नोंद दिसते,
छापायची चूक का?

पृष्ठ पुन्हा तपासलं, मी कळवलं.
३१९. बरोबर आहे.